कणकेपासून कॉम्प्युटरपर्यंत: खर्ज समान ठेवण्याचा इतिहास

१/ भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी उरकली की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या गावागावांत रात्ररात्र नाटके चालतात. हिवाळ्याच्या रात्री शेजारच्या गावाला नाटकाची पहिली चाहूल लागते ती ठेक्यातल्या खर्जाने. संवाद आणि गाण्याचे शब्द त्यानंतर, तेही जवळ गेल्यावर, कानी पडतात. सर्वांत दूर जाणारा हा स्वर वादकाला आणि ध्वनियोजकाला सर्वांत अधिक छळतो. तो एकसारख्या जोराने कसा ऐकू यावा, या एकाच प्रश्नाचा इतिहास या धाग्यात आहे.

२/ खर्ज दूर का जातो? हवा उंच स्वरांची ऊर्जा लवकर शोषून घेते, खालच्या स्वरांची फारच कमी. शिवाय निरभ्र, थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. अशा थरांतून जाणारा ध्वनी आकाशात निसटून न जाता पुन्हा जमिनीकडे वाकतो. म्हणून दूरवर शब्द विरून जातात आणि घुमारा तेवढा उरतो. मंडपात बसलेल्या श्रोत्याची तक्रार मात्र वेगळीच असते. एखादा खालचा स्वर त्याच्या अंगावर येतो आणि त्याला लागून असलेला दुसरा स्वर ऐकूच येत नाही.

३/ संगीतशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत नादाचे तीन गुण सांगितलेले असतात: लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. विद्यार्थी हे तीन गुण वेगवेगळे पाठ करतो. कानात मात्र ते एकमेकांपासून सुटे राहत नाहीत. आघात तोच ठेवून स्वर खाली नेला, म्हणजे केवळ उच्चनीचता बदलली, तरी कानाला त्याचा लहानमोठेपणाही बदललेला भासतो. खर्जाची सारी अडचण येथून सुरू होते.

४/ या अडचणीचे पहिले मोठे मोजमाप १९३३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी श्रोत्यांना वेगवेगळ्या उंचीचे शुद्ध स्वर ऐकवले आणि कोणता स्वर किती जोराने वाजवला असता तो दुसऱ्याइतकाच मोठा वाटतो, हे नोंदवले. त्यातून ‘समान श्रवणपातळी’च्या वक्ररेषा तयार झाल्या. त्यांनी दाखवून दिले की खालच्या स्वरांच्या बाबतीत मानवी कान बराच मंद आहे. १००० हर्ट्झचा अगदी क्षीण स्वर जिथे ऐकू येऊ लागतो, तिथे ५० हर्ट्झचा स्वर ऐकू येण्यासाठी सुमारे ४० डेसिबल अधिक जोर लागतो.

५/ याच वक्ररेषांची दुसरी शिकवण त्याहून महत्त्वाची ठरली. आवाज वाढत जातो तसतशी कानाची ही मंदता कमी होते. त्यामुळे मोठ्याने वाजवलेल्या गाण्यात समतोल वाटणारा खर्ज तेच गाणे हळू केल्यावर नाहीसा होतो. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा, त्याच्या वरच्या सप्तकातला तोच स्वर ८२ हर्ट्झचा. दोन्ही सारख्याच ताकदीने वाजवले, तरी हळू आवाजात पहिला स्वर दुसऱ्यापेक्षा पुष्कळ लहान ऐकू येतो. वादकाचा हात निर्दोष असला तरी कान आपला हिशेब वेगळा मांडतो.

६/ हे आकडे हाती येण्याच्या कितीतरी शतके आधी भारतीय कारागिरांनी या अडचणीवर हाताने तोड काढली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात मृदंगाच्या तोंडांना नदीकाठची माती लावून स्वर जुळवण्याची रीत वर्णिलेली आहे. चामड्यावर ओला, जड लेप द्यायचा आणि त्याच्या वजनाने स्वर खाली आणायचा, ही त्यामागील कल्पना होती. चामडे नुसते सैल सोडूनही स्वर खाली येतो, पण तो फुसका होतो. लेपाने ताण कायम राहतो आणि तरीही स्वर खाली उतरतो.

७/ या परंपरेचा आजही दिसणारा वारस म्हणजे वारकरी कीर्तनातला पखवाज. त्याच्या उजव्या तोंडावर शाईचा कायमचा थर असतो. डाव्या तोंडावर, म्हणजे धुमेवर, वादनापूर्वी गव्हाची भिजवलेली कणीक थापली जाते आणि वादन संपल्यावर ती खरवडून काढली जाते. कणीक जास्त झाली तर स्वर खोल जातो पण जड होतो, कमी पडली तर गुंज उमटत नाही. कणीक वाळू लागली की तिचे वजन घटते आणि स्वर सरकतो. म्हणून मुरलेला पखवाजी वादनाच्या मध्येही पाण्याचे बोट फिरवून धूम ताळ्यावर ठेवतो.

८/ कणकेचे काम दुहेरी असते. हलके, उघडे चामडे आघात होताच आपली ऊर्जा हवेला देऊन टाकते, त्यामुळे ठोका मोठा पण क्षणभंगुर येतो. वजन चढवलेले चामडे संथ गतीने हलते आणि ऊर्जा धरून ठेवते. ठोक्याचा कडाका कमी होतो, मागची आस लांबते आणि एक ठोका दुसऱ्याशी अधिक सारखा वाटतो. आजचा संगीत-निर्माता संगणकाच्या पडद्यावर स्वराचा आरंभ आणि शेपूट यांचे जे प्रमाण जुळवतो, ते प्रमाण पखवाजी आपल्या मुठीतल्या गोळ्याने ठरवत असे.

९/ ढोलक आणि ढोलकी यांनी निराळा मार्ग धरला. त्यांच्या खर्जाच्या तोंडाला आतल्या बाजूने मसाला लावण्याची पद्धत आहे. एकदा लावला की तो टिकतो, दर वेळी कणीक मळावी लागत नाही. तबल्याच्या जोडीत ही जागा लोहकिसाच्या शाईने घेतली. एकावर एक पातळ थर देत, प्रत्येक थर दगडाने घोटत ही शाई चढवली जाते. घोटताना तिला बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांमुळेच तो कठीण थर चामड्याबरोबर लवचिकपणे हलू शकतो.

१०/ या शाईचे गणित शास्त्रीय भाषेत प्रथम मांडले ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. अर्थखात्याच्या नोकरीत असताना रामन यांची १९१० च्या सुमारास नागपुरात, म्हणजे भंडाऱ्याच्या शेजारीच, बदली झाली होती. पुढे कोलकात्यात त्यांनी वाद्यांच्या ध्वनीवर संशोधन केले आणि १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये भारतीय तालवाद्यांवरील टिपण प्रसिद्ध केले. १९३४ साली याच विषयावर त्यांचा विस्तृत निबंध आला.

११/ रामन यांनी दाखवले ते असे. साध्या गोल चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या पटींत येतात. म्हणून साधा ढोल ‘आवाज’ देतो, ‘स्वर’ देत नाही. मध्यभागी शाई चढवली की हे उपस्वर एक, दोन, तीन, चार, पाच अशा पूर्ण पटींच्या जवळ येतात आणि कानाला निश्चित स्वर लागतो. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाने ज्या कारागिरीचे कोडे उलगडले, ती तबले मढवणाऱ्यांच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या हाताहाताने चालत आलेली होती.

१२/ डग्ग्याचा प्रकार आणखी सूक्ष्म आहे. त्याच्या पुडीवरील शाई मध्यभागी नसून एका बाजूला सरकवलेली असते. त्यामुळे उरलेल्या मैदानावर मनगट टेकवायला जागा मिळते. मनगटाचा दाब वाढला की ताण वाढतो आणि स्वर वर चढतो, दाब सैल झाला की तो खाली उतरतो. हीच डग्ग्याची मींड आणि घिस्सा. मात्र स्वर हलला की त्याचा लहानमोठेपणाही हलतो. म्हणून उत्तम तबलजी मनगट फिरवताना बोटाचा आघातही त्याच प्रमाणात बदलतो. खर्जाची पातळी क्षणोक्षणी सावरणारा हा जिवंत हात म्हणजेच या इतिहासातले पहिले नियंत्रक यंत्र.

१३/ मराठी रंगभूमीवर या हाताची कसोटी लागत असे. ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात गायक नटाचा आवाज, ऑर्गन आणि तबला यांचा तोल वादकांनाच राखावा लागे. उस्ताद अहमदजान थिरकवा हे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला तबल्याची साथ करीत. डग्गा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे आणि नटाचा एक शब्दही झाकला जाता कामा नये, ही दुहेरी अट होती. संगीत नाटकाची ही परंपरा झाडीपट्टीने पुढे चालवली. तिथे अजूनही वादक प्रत्यक्ष बसतात आणि प्रत्येक रात्रीचा तोल नव्याने साधावा लागतो.

१४/ ध्वनिमुद्रणाने पहिल्याच झटक्यात खर्ज गमावला. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक एका कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत असे. हा कर्णा साधारण २५० हर्ट्झच्या खालचे स्वर जवळपास टिपतच नव्हता. डग्गा वाजत होता, पण तबकडीत उतरत नव्हता. त्या काळच्या तबकडीवर ऐकू येतो तो तबला म्हणजे बहुतांशी उजव्या पुडीची टिकटिक.

१५/ १९२५ पासून विजेवर चालणारे मुद्रण आले आणि खर्ज तबकडीत शिरला. त्याबरोबर उलटी अडचण उभी राहिली. खालचा स्वर सुईला आडव्या दिशेने फार मोठा झोका देतो. जोराचा खर्ज कोरला तर एक रेघ शेजारच्या रेघेत घुसते. यावर तोडगा असा निघाला की कोरताना खर्ज मुद्दाम कमी करायचा आणि ऐकताना तेवढाच वाढवायचा. किती कमी आणि किती जास्त, याबाबत प्रत्येक कंपनीचे गणित निराळे होते. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत ‘आरआयएए’ हा एक समान नियम ठरला. त्यानुसार ५० हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबलने दाबून कोरला जातो.

१६/ याच काळात रेडिओ केंद्रांना आणखी एक संकट भेडसावत होते. अचानक आलेल्या मोठ्या आवाजाने प्रक्षेपक यंत्रावर ताण येई. १९३० च्या दशकात त्यावर आवाज आपोआप आवरणारी यंत्रे निघाली, त्यांतूनच पुढे लिमिटर आणि कॉम्प्रेसर विकसित झाले. तत्त्व सोपे आहे. एक मर्यादा ठरवायची. आवाज तिच्यावर गेला की यंत्राने तो ठरलेल्या प्रमाणात खाली ओढायचा. प्रमाण चारास एक असेल, तर मर्यादेच्या ८ डेसिबल वर जाणारा स्वर केवळ २ डेसिबल वर जातो. मोठे स्वर लहान झाले की सगळी ओळ उचलून धरता येते.

१७/ खर्जाच्या बाबतीत मात्र हे यंत्र सावधपणे वापरावे लागते. ५० हर्ट्झच्या स्वराचे एक आंदोलन पूर्ण व्हायला २० मिलिसेकंद लागतात. यंत्र त्याहून पुष्कळ चपळ ठेवले, तर ते स्वराचा जोर आवरण्याऐवजी प्रत्येक लाटेचा आकारच कापू लागते आणि स्वर खरखरतो. फार संथ ठेवले, तर ठोका निसटून जातो आणि शेपूट विनाकारण दबते. यंत्र किती वेळाने पकडणार आणि किती वेळाने सोडणार, म्हणजे अटॅक आणि रिलीज, हे दोन काळ जुळवणे ही ध्वनियंत्यांची कसोटी ठरली. कणीक किती लावायची, या जुन्या प्रश्नाचे हे विजेच्या युगातील रूप होते.

१८/ गावोगावच्या श्रोत्यापर्यंत संगीत पोहोचले ते रेडिओवरून. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, आणि पुढे ट्रान्झिस्टर आल्यावर वीज नसलेल्या गावांतही गाणी वाजू लागली. ट्रान्झिस्टर चालत असे कोरड्या बॅटरीवर, आणि अशा बॅटरीत मँगेनीज डायऑक्साइड लागतो. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथील मॉइलची खाण याच खनिजासाठी ओळखली जाते. बॅटरीला बळ देणारे खनिज जिल्ह्याच्या भूमीत होते. पण ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या स्पीकरला खर्ज वाजवणे शक्य नव्हते.

१९/ तरीही श्रोत्याला चाल कळत होती आणि खालचे स्वरही ‘ऐकू’ येत होते. याचे रहस्य कानात आहे. १८४० च्या दशकात जर्मनीत आउगुस्ट झेबेक यांनी दाखवले होते की मूळ स्वर क्षीण किंवा गैरहजर असला, तरी त्याचे उपस्वर मिळाले की कान मूळ स्वराची उंची स्वतःच ओळखतो. १००, १५० आणि २०० हर्ट्झचे स्वर एकत्र आले, की ५० हर्ट्झचा स्वर नसतानाही तो असल्याचा भास होतो. खर्ज लहान स्पीकरवर टिकवायचा तर त्याचे उपस्वर शाबूत ठेवले पाहिजेत.

२०/ मिरजेच्या तंबोऱ्याला ही युक्ती जुनीच ठाऊक होती. खर्जाची तार ज्या घोडीवरून जाते, तिचा माथा किंचित उतरता घासलेला असतो आणि तारेखाली रेशमाचा किंवा सुताचा धागा सरकवून जवारी लावली जाते. तार घोडीला हलकेच घासत कंप पावते आणि उपस्वरांचा झरा सुरू होतो. १९२१ साली रामन यांनी याही रचनेचा अभ्यास मांडला. आज निर्माते खर्जाच्या स्वरात ‘सॅच्युरेशन’ देऊन उपस्वर वाढवतात, म्हणजे तो मोबाइलवरही जाणवतो. जवारीचा आणि या क्रियेचा हेतू एकच आहे.

२१/ १९८१ च्या अखेरीस जपानमधील रोलँड कंपनीने ‘टीबी-३०३’ नावाचा एक छोटा रुपेरी डबा बाजारात आणला. त्याची रचना तादाओ किकुमोतो यांची होती. एकट्याने सराव करणाऱ्या वादकाला बेस गिटारची साथ मिळावी, हा त्याचा उद्देश. स्वर आधी भरून ठेवायचे आणि यंत्राने ते न थकता वाजवायचे. प्रत्येक स्वर सारख्याच जोराने वाजत असे. बेस वादकाला वर्षानुवर्षांच्या रियाजाने जी समानता साधावी लागे, ती या यंत्रात पहिल्या दिवसापासून होती. तरीही ते फारसे खपले नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

२२/ या यंत्राचा अगदी आरंभीचा संस्मरणीय वापर मुंबईत झाला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही तीन रोलँड यंत्रे घेऊन त्यांनी भैरवी, ललत, यमन, मालकंस यांसारखे दहा राग नृत्याच्या ठेक्यावर बांधले. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगाला कळले की शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’ संगीताची आठवण करून देणारा ध्वनी मुंबईत पाच वर्षे आधीच उमटला होता.

२३/ चरणजित सिंग यांच्यासमोरचा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने उलटा होता. पखवाजी आणि तबलजी यांना असमान हातातून समानता काढायची होती. येथे यंत्राने समानता आयती दिली होती, आणि तिच्यात राग जिवंत ठेवायचा होता. त्या डब्यात त्यासाठी दोन साधने होती. ‘ॲक्सेंट’ने निवडलेला स्वर उठून दिसे, ‘स्लाइड’ने एक स्वर दुसऱ्यात घसरत जाई. मींड आणि आघात यांचे हे यांत्रिक नातलग. सपाट खर्ज लवकर कंटाळवाणा होतो, हे १९८७ साली शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटाच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’नेही दाखवले. तिथे फिल्टरची कळ फिरवत राहणे हेच वादन ठरले.

२४/ शिवाय यंत्राची समानता ही कानाची समानता नव्हती. विजेच्या मापावर सारखे असलेले स्वर ऐकताना लहानमोठे वाटतच होते, कारण १९३३ च्या वक्ररेषा यंत्राने बदलल्या नव्हत्या. त्यात फिल्टरची भर पडली. फिल्टर एका जागी स्थिर ठेवला, तर खालच्या स्वराचे पुष्कळ उपस्वर त्याच्या खाली राहून ऐकू येतात, वरच्या स्वराचे मात्र थोडेच उरतात. म्हणून अनेक सिंथेसायझरांत स्वराबरोबर फिल्टरही वर-खाली सरकवण्याची सोय दिलेली असते. समानता एकदा मिळाली की संपली, असे येथेही झाले नाही.

२५/ त्यानंतरचा अडथळा चार भिंतींचा. चार मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतो. ही लाट खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य असते आणि भिंतीलगत जोरदार. मध्यभागी बसलेल्या निर्मात्याला तो स्वर ऐकू येत नाही. तो वाढवतो. तेच गाणे दुसरीकडे वाजले की तो एकच स्वर गडगडतो. घरच्या खोलीत संगीत करणाऱ्या आजच्या तरुणांची ही सर्वांत नेहमीची फसगत आहे. तिच्यावर उपाय म्हणजे बैठकीची जागा बदलून पाहणे, हेडफोनवर पडताळणे आणि ओळखीच्या गाण्याशी तुलना करणे.

२६/ झाडीपट्टीच्या मोकळ्या मैदानात भिंती नसतात, म्हणून हा दोष नाही. तिथे दुसरा आहे. ५० हर्ट्झच्या स्वराची लाट सुमारे ७ मीटर लांब असते. मंचाच्या दोन बाजूंना दोन मोठे बेस स्पीकर ठेवले आणि श्रोत्याचे एकापासूनचे अंतर दुसऱ्यापेक्षा साडेतीन मीटरने अधिक असले, तर दोन लाटा एकमेकींना खातात. मैदानात त्यामुळे खर्जाच्या अदृश्य पट्ट्या पडतात: एका रांगेत दणका, चार पावलांवर पोकळी. दोन्ही बेस स्पीकर शेजारी शेजारी मध्यभागी ठेवले, की या पट्ट्या बऱ्याच अंशी नाहीशा होतात.

२७/ याच मंचावर ऑर्गन, तबला, ढोलकी यांच्याबरोबर ऑक्टापॅड आणि कीबोर्डही आले. १९८५ साली रोलँडने काढलेल्या पहिल्या ऑक्टापॅडवर आठ चौकोन होते. हाताचा जोर ० ते १२७ अशा आकड्यात यंत्राला कळतो आणि त्या प्रमाणात आवाज निघतो. हा जोर किती मानायचा, हे वादकाला ठरवता येते. सगळे ठोके एकाच आकड्यावर बांधले, तर खर्ज रात्रभर ढळत नाही. पण मग प्रसंग करुण असो वा वीर, ठोका तोच राहतो. नाटकाला साथ करणाऱ्या वादकाचे अर्धे काम नटाच्या श्वासाबरोबर लहान-मोठे होण्याचे आहे, आणि ते काम आकडा करीत नाही.

२८/ म्हणूनच जाणते निर्माते आज ठरावीक क्रम पाळतात. सर्वांत आधी स्वरांची निवड: फार खाली जाणारा एखादा स्वर वरच्या सप्तकात नेला, तर निम्मी अडचण तिथेच मिटते. मग प्रत्येक स्वराचा जोर हाताने कानाप्रमाणे सावरायचा. मग उपस्वर. कॉम्प्रेसर शेवटी, आणि तोही थोडा. तसेच ठोक्याचा आणि बेसचा खर्ज एकाच क्षणी एकमेकांवर चढू नये, म्हणून ठोका पडताच बेस क्षणभर दबेल अशी जोडणी केली जाते. शेवटची परीक्षा आवाज अगदी हळू करून घ्यायची, कारण कानाची मंदता तिथेच उघडी पडते.

२९/ या इतिहासाची एक बाजू न्यायाची आहे. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. ही मोजणी ‘ए’ भारांकनाने होते. हे भारांकन फ्लेचर आणि मन्सन यांच्या हळू आवाजाच्या वक्ररेषेवरून आलेले आहे. त्यामुळे ५० हर्ट्झचा स्वर मोजताना मापक त्यातून सुमारे ३० डेसिबल वजा करतो. आवाज हळू असताना हे कानाशी जुळते. मिरवणुकीतील प्रचंड आवाजात मात्र कान तेवढी सूट देत नाही. छातीत धडधड भरवणारा खर्ज अशा वेळी मापकावर बराच लहान दिसतो, आणि वरातीच्या रस्त्यावरील घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा अनुभव आकड्यात पुरता उतरत नाही.

३०/ माती, कणीक, मसाला, शाई, जवारी, फिल्टर, कॉम्प्रेसर: साधने बदलत गेली, पण प्रत्येक टप्प्यावर कारागिराला दोन निर्णय घ्यावे लागले. कोणती असमानता दोष म्हणून काढायची आणि कोणती भाव म्हणून राखायची? पहिल्या प्रश्नाला यंत्र उत्तर देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर पाण्याचे बोट फिरवणाऱ्या पखवाज्याने दिले, मनगट सैल करणाऱ्या तबलजीने दिले आणि १९८२ साली डब्याची कळ फिरवणाऱ्या एका मुंबईकर वादकानेही दिले. पुढच्या हंगामात भंडाऱ्याच्या एखाद्या गावात ऑक्टापॅडवर बसणाऱ्या तरुणालाही ते द्यावे लागेल, कारण अंधारातून गावाबाहेर पोहोचणारा नाटकाचा पहिला स्वर त्याच्याच हातचा असेल.